खाली उतरायची पँट

“आधी हात लावू द्या, मग बोलतो.”

एवढं म्हणून ते डोळे मिटायचे. उजव्या हाताचा अंगठा आणि त्याच्या शेजारचं बोट, या दोघांत कापडाची कड धरून दोनदा चोळायचे, फार तर तीनदा. मग डोळे न उघडताच सांगायचे, “जास्त तापलंय,” किंवा “साबण पुरता निघालेला नाही.” त्यानंतर डोळे उघडून समोरच्याकडे असं बघायचे, की चूक कापडाची नसून आपलीच आहे असं वाटावं.

सोहम, तन्वी, तुम्ही त्यांना पाहिलंय. दुसऱ्या मजल्यावरचे आप्पा. मागच्या खेपेला तुम्ही आलात तेव्हा, सोहम, तुझ्या जाकिटाची बाही धरून ते जिन्यातच उभे राहिले होते आणि तू घाबरून माझ्याकडे बघत होतास. “हे पाण्याला भीत नाही,” त्यांनी निकाल दिला, “पण इस्त्रीला भिईल. आईला सांग.” त्यांचं खरं नाव मी इथे लिहीत नाही. सगळी सोसायटी त्यांना आप्पा म्हणायची, माझ्या वहीतही ते आप्पाच आहेत.

तुमच्या आईचं म्हणणं, मुलांना इंग्रजीत लिही, त्यांना सोपं जाईल. पण इंग्रजीत मी नोकरीभर व्यापाऱ्यांच्या तक्रारींना उत्तरं लिहिली. आपल्या पत्राबद्दल आभारी आहोत, झालेल्या गैरसोयीबद्दल दिलगीर आहोत. आप्पांबद्दल त्या भाषेत लिहायला बसले तर हात आपोआप दिलगीर होईल. म्हणून मराठीत. सावकाश वाचा, अडलं तर फोन करा.

क्रमाने सांगते.

इथे सुरतेत, पांडेसऱ्यातल्या ज्या कापड रंगवायच्या कारखान्यात मी पत्रव्यवहार सांभाळायची, तिथेच आप्पा फोल्डिंग खात्यात तपासनीस होते. रंगवून आलेलं कापड त्यांच्या समोरच्या मोठ्या टेबलावरून सरकायचं, काचेखाली दिवे लागलेले असायचे, आणि आप्पा उभे राहून बघायचे. डाग, तुटलेला धागा, रंगातला फरक. दोष दिसला की खडूची खूण आणि तागा बाजूला. बाजूला पडलेल्या ताग्यांची पत्रं माझ्या टेबलावर यायची, म्हणून आमची ओळख. ते मला ‘मॅडम’ म्हणत. पुढे भेस्तानला आम्ही एकाच सोसायटीत राहायला आलो, आम्ही तळमजल्यावर आणि ते दुसऱ्यावर, तरी मॅडमची वहिनी किंवा ताई झाली नाही.

रंगाच्या बाबतीत ते कोणाचंही ऐकत नसत. एकदा शेठ स्वतः खाली आले. माल घाईचा होता, दारात ट्रक उभा.

“पास करी दो ने, आप्पा. कोण जोवानुं छे?”

कोण बघणार आहे! आप्पांनी ताग्याचं एक टोक शेठच्या खांद्यावर टाकलं आणि दुसरं स्वतःच्या. “शेठ, आता आपण दोघं याच ताग्याचे शर्ट शिवून लग्नाला चाललोय. लोक विचारतील, शेठचा रंग उतरलाय का?” शेठ हसले. ट्रक गेला, तो तागा राहिला. नंतर आप्पा मला म्हणाले, “शेड म्हणजे शेड, मॅडम. अर्धी जुळली असं काही नसतं.”

माल मनासारखा निघाला, की स्वतःशीच पुटपुटायचे, “आते बरं शे.” ते अमळनेरकडचे. माझ्याशी ते पुस्तकात शोभेल असं मराठी बोलत, शेठशी गुजराती, मशिनवाल्यांशी हिंदी. घरची अहिराणी तोंडून आपण होऊन निसटली तरच ऐकू यायची. आता बरं आहे, एवढाच त्या शब्दांचा अर्थ.

आणि ‘आधी हात लावू द्या’ हे फक्त कापडापुरतं नव्हतं. वांगी, भिंतीची ओल, शेजारच्या पोराचं तापलेलं कपाळ, सगळ्यांना तोच न्याय. सोसायटीच्या जिन्याच्या कठड्याला हिरवा रंग दिला, तेव्हा वर पाटी लावली होती, रंग ओला आहे. आप्पांनी पाटी वाचली, आधी हात लावला, आणि हिरवा तळवा सगळ्यांना दाखवून म्हणाले, “ओलाच आहे.”

तुमचे आजोबा गेले तेव्हा तुम्ही लहान होतात. पहिले पंधरा दिवस घर माणसांनी भरलेलं होतं. सोळाव्या दिवशी घड्याळ ऐकू यायला लागलं. त्या दिवशी संध्याकाळी साडेपाचला आप्पा जिना उतरून आले. मी दार सताड उघडं ठेवलं, ते दाराशेजारच्या खुर्चीत बसले.

“चहा झाला?”

“झाला.”

“मग अर्धा चालेल.”

त्यांनी आत्म्याबद्दल काही सांगितलं नाही, देवाच्या मर्जीबद्दलही नाही. पाण्याच्या टाकीची मोटर कशी बिघडली ते सांगितलं. मध्येच माझे डोळे वाहायला लागले. आप्पा उठले, खिडकीच्या पडद्याला हात लावला आणि म्हणाले, “मॅडम, हा धुवायला झालाय.” मी उठून पडदा काढला. दुसऱ्या दिवशी तो धुऊन वाळला होता आणि साडेपाचला आप्पा पुन्हा हजर होते. नंतर रोजच. अर्धा तास, अर्धा चहा. त्यांची बायको तुमच्या आजोबांच्या आधी चार वर्षं गेलेली, तेव्हा हा अर्धा तास किती लांब असतो ते त्यांना ठाऊक असणार.

या सगळ्या वर्षांत आप्पांना मी लुंगीत किंवा लेंग्यात एकदाही पाहिलं नाही. वर घरात काय घालत असतील ते असो. खाली येताना पँट, तिला सुरीसारखी घडी, आत खोचलेला शर्ट आणि पट्टा. कचऱ्याची बादली ठेवायला उतरले तरी तेच. “खाली उतरायचं तर पँट,” ते म्हणायचे. तरुणपणी उधना स्टेशनवर उतरले ते लेंग्यात. पहिल्या कारखान्याच्या मुकादमाने पायापासून डोक्यापर्यंत बघितलं आणि सांगितलं, हे मशिनमध्ये अडकेल, पँट घालून ये. आप्पांनी गाववाल्याची पँट मागून घातली आणि दुसऱ्या दिवशी कामाला लागले. लेंगा गावाकडे, पँट सुरतेत, हा तेव्हापासूनचा कायदा.

मग तीन वर्षांपूर्वी त्यांचं हर्नियाचं ऑपरेशन झालं. बेंबीच्या खाली. जखम भरली, डॉक्टरांनी हिंडाफिरायला सांगितलं. पण नेमक्या त्याच जागेवर पट्टा बसायचा. त्यात पाय सुजायचे आणि पॉलिस्टरच्या कापडाने मांड्यांवर पुरळ उठायचं. साडेपाच वाजायचे, मी कप मांडायची, जिन्यात पावलं वाजायची नाहीत.

आठवडाभर वाट बघून मी वर गेले. सून दार उघडून म्हणाली, “बसा काकू, येताहेत.” आतून बराच वेळ खुडबुड ऐकू येत होती. मग आप्पा आले. पँट, खोचलेला शर्ट, सगळं नेहमीचं. खुर्चीत अगदी ताठ बसले. चेहरा पिळलेल्या फडक्यासारखा. बोलताना डावा हात पोटाशी होता, आणि माझ्या लक्षात आलं, की हाताच्या आडून पट्टा उघडा आहे आणि पँट ते मुठीत धरून बसलेत.

मी दहाव्या मिनिटाला उठले. जिन्यापर्यंत सून आली आणि हळूच म्हणाली, “दिवसभर लुंगीवर असतात. खाली चला म्हटलं तर नाही म्हणतात. तुम्ही आलात म्हणून घातली.”

म्हणजे मी भेटायला गेले की त्यांना दुखत होतं, आणि नाही गेले की ते एकटे. तुम्हीच सांगा, अशा वेळी माणसाने काय करावं? मी माझ्या पद्धतीने केलं. वही काढली, नवं पान उघडलं आणि वर लिहिलं, ‘विषय: आप्पांची पँट.’

पहिला उपाय म्हणजे दुकान. त्यांच्या मुलाने सुट्टीच्या दिवशी रिक्षा केली. आप्पांनी अट घातली, मॅडम बरोबर हव्यात, मॅडम असल्या की दुकानदार उलट बोलत नाही. दुकान मोठं, थंडगार, भिंतभर पँटी. आप्पा कपडे घालून बघायच्या खोलीत गेले आणि दोन मिनिटांनी आतून आवाज आला.

“मॅडम, इथे खुर्ची नाही.”

“खुर्ची कशाला?”

“एका पायावर उभं राहायला मी काय बगळा आहे?”

विक्रेत्याने स्टूल आणून दिलं. आप्पा बाहेर आले ते पँट पोटाखाली कशीबशी धरून. “ही कमरेच्या खाली का उतरते?”

“लो वेस्ट है अंकल, आजकल यही चलता है.”

“चालत असेल. बसून बघू.” ते स्टुलावर बसले, तोंड वाकडं करून उठले. मग डोळे मिटून कापड चोळलं. “यात रबर आहे.”

“स्ट्रेच है अंकल. कम्फर्ट फिट.”

“रबर म्हण ना, बाळा.”

मोठ्या मापाची घेतली तर कंबर सैल आणि पाय हत्तीचे. लहान घेतली तर टाके ओरडायचे. तीन दुकानं झाली. परतताना रिक्षात आप्पा तिसऱ्या दुकानाची पाटी दिसेनाशी होईपर्यंत मागे बघत होते. मग म्हणाले, “म्हाताऱ्या माणसाला पँट लागत नाही, असं या लोकांनी ठरवूनच टाकलंय.”

त्याच सुमाराला मी फोनवर तुमच्या बाबांना हे सांगितलं आणि त्यांनी तिकडून ती राखाडी पँट पाठवली. आठवतं का, तन्वी, रंग तू निवडला होतास. मऊ, कमरेला नाडी, घोट्याला इलॅस्टिक. आप्पांनी ती घातली, आरशासमोर उभे राहिले आणि सुनेला म्हणाले, “हे घातलं की मी खेळायला निघालोय असं वाटतं. कोणाशी?” पण पोरीने निवडलीय म्हणून घरात वापरली. लुंगीच्या ऐवजी. खाली नाही.

मग राहिला शिंपी. आमच्या गल्लीच्या तोंडाशी एक म्हातारा शिंपी बसतो. आता फक्त ब्लाउज आणि फॉल-बिडिंग. मी विचारलं तर चष्मा कपाळावर चढवून म्हणाला, “हवे पॅन्ट कोण सिवडावे छे, मासी? बधा रेडीमेड.” आता शिवून घेतं कोण, मावशी! पण जुन्या कामाचं नाव काढल्यावर त्याचे डोळे चमकले. कापड आणा म्हणाला.

कापडाला काय तोटा! आप्पांनी पलंगाखालची ट्रंक ओढायला लावली. तिच्यात पँटपीस. लग्नात आहेर म्हणून आलेले, दिवाळीला शेठनी दिलेले, निवृत्त होताना खात्याने दिलेले. तुम्हाला ही गंमत माहीत नसेल, इथे एक पँटपीस पाच-सहा लग्नं हिंडून येतो आणि कधी शिवला जात नाही. आप्पांनी एकेकाला हात लावला. “पॉलिस्टर. पॉलिस्टर. हेही पॉलिस्टर.” मग हसून म्हणाले, “आयुष्यभर हेच तपासलं. आता अंगाला सोसत नाही.”

ट्रंकेच्या तळाशी जुन्या साडीच्या तुकड्यात एक घडी होती. बदामी रंगाचं जाड सुती कापड. आप्पांनी त्याला हात लावला आणि डोळे उघडायला नेहमीपेक्षा वेळ लावला.

त्यांच्या बायकोने शेवटच्या वर्षी माहेरी गेली असताना अमळनेरच्या बाजारातून ते आणलं होतं. घरात घालायला तरी सुती शिवा, उन्हाळ्यात उकडून निघता, असं म्हणाली होती. आप्पा तेव्हा म्हणाले होते, “सुतीला रोज इस्त्री कोण करणार?” आणि ते तसंच राहिलं.

“हेच,” आप्पा म्हणाले.

शिंप्याला देण्यासाठी मी एक कागद तयार केला. पुढून पँट साध्या पँटीसारखीच दिसावी, सपाट पट्टी आणि हुक. मागे आणि बाजूंना आतून इलॅस्टिक, बाहेरून दिसता कामा नये. कंबर टाक्यांच्या चार बोटं वर. पट्टा नाही. पाय ऐसपैस, पण घडी पडली पाहिजे. शिंप्याने माझा कागद उलटसुलट करून बघितला, त्याला मराठी वाचता येत नव्हतं, आणि म्हणाला, “मासी, आ तो दस्तावेज छे!” मग मी तोंडी सांगितलं.

माप घ्यायला तो वर आला. टेप कमरेला लावल्याबरोबर आप्पांनी पोट आत ओढून घेतलं.

“आप्पा, श्वास सोडा,” मी म्हटलं.

“मापाला पोट आत घ्यायची सवय आहे, मॅडम.”

“म्हणूनच इतकी वर्षं पट्टा काचला.”

त्यांनी श्वास सोडला. शिंप्याने आकडा मोठ्याने वाचला नाही, नुसता लिहून घेतला. जुना माणूस, त्याला कळत होतं.

आता माझी चूक सांगते. कापडाची घडी शिंप्याकडे मी स्वतः नेली. ती कडक होती, कांजीचा वास येत होता. कोरं कापड, पाणी न लागलेलं. सुती कापड शिवण्याआधी भिजवून वाळवून घ्यायचं असतं, नाही तर पहिल्या धुण्यात आटतं. हे मला माझ्या आईने शिकवलं होतं. माझ्या मनात आलं, विचारावं का? पण ज्या माणसाने सारा जन्म कापड तपासण्यात घालवला, त्याला हे काय सांगायचं? त्यांनी बघितलं असेल, चालत असेल. शिंप्यालाही वर्षानुवर्षं न आटणाऱ्या कापडाची सवय. तिघांनाही ठाऊक होतं आणि तिघंही गप्प बसलो.

पँट झाली. त्या संध्याकाळी साडेपाचला जिन्यात पावलं वाजली. मी दार उघडलं तर आप्पा उभे. बदामी पँट, समोर घडी, हात पोटाशी नाही, दोन्ही बाजूंना मोकळे.

“चहा झाला?”

“झाला,” मी म्हटलं. झाला नव्हता.

“मग अर्धा चालेल.”

नऊ दिवस ते खाली येत होते. बाकावर बसत, सोसायटीला फेरी मारत. दहाव्या दिवशी सुनेने पँट धुतली आणि अकराव्या दिवशी ते आले नाहीत.

मी वर गेले. या वेळी खुडबुड झाली नाही. आप्पा लुंगीवरच खुर्चीत बसून होते, मला बघून उठलेही नाहीत. माझ्यासाठी त्यांनी पँटीचा त्रास घेतला नाही, म्हणून मला बरं वाटायला हवं होतं. पण वाटलं नाही. पँट पलंगावर पसरलेली होती. कंबर चांगली दोन इंच गेली होती आणि पाय घोट्याच्या वर.

“कोरं सुती कापड भिजवून घ्यायचं, हे माझ्या अडाणी आईला कळत होतं,” आप्पा म्हणाले. “आणि मी तपासनीस!”

“पॉलिस्टर आटत नाही, आप्पा. हाताला सवय राहिली नाही.”

“तिने दिलेलं होतं ते. एकच होतं.” मग माझ्याकडे बघून म्हणाले, “तुमच्या लक्षात नाही आलं?”

खोटं बोलता आलं असतं. “आलं होतं. कांजीचा वास आला होता.”

“मग?”

“म्हटलं, तुम्हाला काय सांगायचं.”

“शेठला मी सांगायचो, मॅडम,” ते म्हणाले. “मला तुम्ही सांगायचं होतं.”

नंतर म्हणाले, “जाऊ द्या. आता खाली उतरून तरी काय करायचंय?” हे त्यांनी इतक्या साध्या आवाजात म्हटलं, की सून स्वयंपाकघरातून बाहेर येऊन उभी राहिली.

मी ती पँट हातात घेतली आणि खाली आले. तुमच्या आजोबांच्या कपाटाची किल्ली माझ्या टेबलाच्या डाव्या खणात असते. कपाटात सगळं जागच्या जागी होतं. निवृत्तीनंतर ते रोज घालायचे त्या दोन सुती पँटी वरच्या कप्प्यात, डांबराच्या गोळ्या घालून. रंग मातकट. धुऊन धुऊन इतक्या मऊ झालेल्या, की हातात घेतलं की पाण्यासारख्या घरंगळायच्या. त्यांतली एक मी घेतली. विचार करायला बसले असते तर घेतली नसती, म्हणून बसले नाही.

शिंप्याने दोन्ही पँटी समोर ठेवल्या. म्हणाला, बाजूच्या शिवणी उसवून वरपासून खालपर्यंत पट्टी घालतो, खाली पायाशी जोड देतो. मग कात्री उचलून थांबला. “मासी, कापुं?”

“काप.”

“पाक्कुं?” त्याने पुन्हा विचारलं. पँट कोणाची ते मी त्याला सांगितलं नव्हतं.

“काप, भाई.”

दोन दिवसांनी मी पँट घेऊन वर गेले. आप्पांनी हात पुढे केला. “आधी हात लावू द्या.”

डोळे मिटले. बदामी कापडावरून बोटं गेली, मग पट्टीवर आली आणि तिथेच थांबली. दोनदा, तीनदा, चारदा.

“हे खूप धुतलेलं आहे,” ते म्हणाले. “रोज अंगावर असलेलं.” डोळे उघडले. “साहेबांची?”

“हो.”

“मॅडम, कापायची नव्हती.”

“कपाटात पडून होती, आप्पा. तिचं जे आटायचं ते आटून झालंय.”

आप्पा उठले. पँट घेऊन खिडकीत गेले, उजेडात धरली. बदामी आणि मातकट. कारखान्यातले किती तागे याहून कमी फरकासाठी बाजूला पडले होते, त्यांची उत्तरं मीच लिहिली होती.

“शेड वेगळी आहे,” आप्पा म्हणाले.

“आहे.”

“लांबूनही दिसेल.”

“दिसेल.”

त्यांनी एकदा बदामी कापडाकडे बघितलं, एकदा पट्टीकडे. “दिसू द्या,” ते म्हणाले. “पास.”

आत जाऊन पँट घालून आले. खुर्चीत बसले. उठले. पुन्हा बसले. उजवा हात मांडीच्या बाजूला, पट्टीवर येऊन टेकला. आणि मग, आमच्यापैकी कोणाशीच नाही, पुटपुटले, “आते बरं शे.”

सून पदराने डोळे पुसत चहा ठेवायला गेली. मी म्हटलं, “इथे नको. साडेपाचला खाली.”

त्यानंतर दोन वर्षं आप्पा रोज खाली आले. बाजूच्या पट्टीमुळे सोसायटीतली मुलं चिडवायची, “आप्पा, बँडमध्ये लागलात काय?” आप्पा सांगायचे, “हो, उद्या वरात आहे, नाचायला या.” शिंप्याकडून त्यांनी आणखी दोन सुती पँटी शिवून घेतल्या. त्यांचं कापड माझ्या मोरीत बादलीत भिजवलं होतं, आणि ते नीट भिजतंय की नाही हे बघायला आप्पा अर्धा तास बादलीशेजारी उभे होते. सोसायटीतल्या आणखी दोघा-तिघा म्हाताऱ्यांनी तशाच शिवून घेतल्या. शिंपी तिला ‘आप्पा पॅन्ट’ म्हणतो. पण स्वतः आप्पा जास्त वेळा ती पहिलीच घालायचे. ती धुऊन त्यांच्या गॅलरीत उलटी टांगलेली असली, की मला खालून कळायचं, आज दुसरी घालून येणार.

गेल्या हिवाळ्यात एका संध्याकाळी ते नेहमीसारखे आले. टाकीची मोटर पुन्हा बिघडली होती, त्यावर बोललो. अर्धा चहा घेतला. सहाला उठले, खिडकीशी थांबून पडद्याला हात लावला, काही बोलले नाहीत, वर गेले. सकाळी सून उठवायला गेली तर ते झोपेतच गेले होते.

सगळं आटोपल्यावर एक दिवस सून खाली आली. हातात घडी होती. “काकू, बाकीचे कपडे देऊन टाकले. ही कोणाला देववेना. आणि ही अर्धी तुमचीच आहे.” मी तिला बसायला सांगितलं, पण तिला थांबायचं नव्हतं.

घडी मी टेबलावर ठेवली. कपाटात ठेवायची म्हणजे कुठल्या कप्प्यात, ते ठरवायला हवं होतं. नोंद करावी म्हणून मी ती उलगडून बघितली. बाकी पँट चांगली होती. फक्त उजव्या बाजूच्या पट्टीवर, खिशाच्या जरा खाली, एक रुपयाएवढी जागा विरली होती. आडवे धागे गेले होते, उभे तेवढे राहिले होते. बाक घासून किंवा धुऊन विरलेली ती जागा नव्हती. बसल्यावर त्यांचा उजवा हात तिथे पडायचा. दोन वर्षं रोज अर्धा तास आम्ही टाकीबद्दल, भाजीबद्दल, तुमच्या परीक्षांबद्दल बोलत होतो आणि त्यांचा अंगठा नि बोट तेवढ्या कापडावर चालू होतं. मी समोर बसून कधी बघितलं नाही.

साडेपाच व्हायला आले होते. मी दार सताड उघडलं, दाराशेजारच्या त्यांच्या खुर्चीत बसले, डोळे मिटले, आणि ती जागा अंगठा आणि बोटात धरली. बोलायचं असं काही नव्हतं.